भिंतीत भाग मिळवला, पण जोडला का?

बोईसर-तारापूर भागातल्या विद्यार्थ्याला तीन तऱ्हेच्या भिंती नेहमी पाहायला मिळतात. वस्तीतल्या नव्या इमारतींत काँक्रीटच्या खांब-तुळयांमध्ये विटा भरलेल्या असतात. औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये पोलादी चौकटीवर पत्रा बसवलेला असतो. थोडे पूर्वेला पाड्यांकडे गेले, की लाकडी मेढींच्या मध्ये कारवीच्या काठ्या लावून त्यांवर शेणमातीचा गिलावा दिलेला कूड दिसतो. या तिन्हींत एक सांगाडा असतो आणि एक झाकणारा भाग असतो. भिंत कशी उभी राहते, हे शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा शोधण्याची गरज नाही.

हल्ली हाच विषय संगणकावर शिकवण्याकडे शिक्षकांचा कल दिसतो. घराचे आराखडे करणाऱ्या प्रोग्रॅमपैकी 'फ्रीकॅड' फुकट मिळतो, त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. शाळेला परवडणारा म्हणून त्याचाच येथे विचार करू. त्यात एक रेघ ओढून उंची आणि जाडी सांगितली की भिंत तयार होते. खिडकी बसवली की भिंतीत तेवढी मोकळी जागा पडते. खांब किंवा आडवी पट्टी वेगळी काढून 'ॲड', म्हणजे 'मिळवा', अशी आज्ञा दिली की तो भाग त्या भिंतीचा घटक बनतो.

याचे फायदे उघड आहेत. कागदावरचा नकाशा वाचताना अडणारा विद्यार्थी येथे भिंत सर्व बाजूंनी फिरवून पाहू शकतो. घनफळ, क्षेत्रफळ, लागणाऱ्या मालाचा हिशेब ही गणिते खऱ्या कामासाठी करता येतात. माझा आक्षेप 'मिळवा' या आज्ञेतून नकळत शिकवल्या जाणाऱ्या दोन चुकीच्या समजुतींना आहे.

पहिली समजूत अशी, की जितके भाग जास्त तितकी भिंत मजबूत. पडद्यावर उभ्या पट्ट्या वाढवत गेले की भिंत भक्कम दिसू लागते. हे तपासायला काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे पुरेत. अरविंद गुप्तांमुळे हे साहित्य आपल्या परिचयाचे आहे. चार काड्यांचा चौकोन करा आणि वरची बाजू हलकेच ढकला. चौकोन तिरपा होतो. आता शेजारी आणखी तीन काड्या लावून दुसरा चौकोन करा, म्हणजे मधोमध एक खांब आला. पुन्हा ढकला. रचना सावरली नाहीच, उलट आता प्रत्येक चौकोन वेगळा हलू शकतो!

याचा हिशेब जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये मांडला. बिजागरीसारखे सैल सांधे असलेली सपाट रचना ताठ राहण्यासाठी, सांध्यांच्या संख्येची दुप्पट करून त्यातून तीन वजा केल्यावर येतील किमान तितके दांडे लागतात. एका चौकोनात सांधे ४, म्हणून दांडे हवेत ५, आहेत ४. दोन चौकोनांत सांधे ६, दांडे हवेत ९, आहेत ७. म्हणजे उणीव एकावरून दोनवर गेली. प्रत्येक चौकोनात एक तिरपी काडी घाला, रचना ताठ होते. खऱ्या भिंतीत वरची तुळई सलग असेल तर उणीव वाढत नाही, पण नुसत्या उभ्या खांबांनी ती भरूनही निघत नाही. ती तिरप्या दांड्याने, कडक सांध्याने किंवा चौकटीला पक्क्या ठोकलेल्या फळीने भरावी लागते. शेडच्या बाजूला दोन खांबांच्या मध्ये फुलीसारख्या सळया असतात, त्या याचसाठी. अमेरिकेतल्या लाकडी घरांत दर १६ इंचांवर उभी पट्टी असते, पण आडवा धक्का मुख्यतः तिच्यावर ठोकलेला प्लायवूडचा तक्ता घेतो.

दुसरी समजूत अधिक धोक्याची आहे. 'मिळवा' म्हटले की प्रोग्रॅम त्या भागाचा आणि भिंतीचा आकार एकजीव करतो. खिळा, खाच, दोरी, सळई, काहीच विचारत नाही. प्रोग्रॅममध्ये ताण मोजण्याचा वेगळा विभाग आहे, हे खरे. पण त्यालाही एकजीव आकार दिला, तर उत्तर एकजीव आकाराचेच मिळणार.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झाले ते आठवावे. त्या भागातल्या जुन्या घरांत लाकडी खांब-तुळयांचे खण आणि भोवती दगडमातीच्या जाड भिंती असत. कित्येक घरांत खणांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती ढासळल्या. माणसे त्या दगडांखाली सापडली. लाकूड आणि दगड शेजारी होते, पण एकमेकांना बांधलेले नव्हते. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थरही आरपार दगडांनी गुंफलेले नव्हते. आज कोणी ते घर संगणकावर काढून 'मिळवा' म्हटले, तर पडद्यावर एक अखंड, निर्दोष भिंत दिसेल.

पालघर जिल्ह्याला हा विषय दूरचा नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात लहान-मध्यम धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि २०१९ च्या आरंभी लोकांना तंबूंत राहावे लागले. हलका कूड पडला तरी दगडी भिंतीइतका जीवघेणा नसतो. जड भिंतीत बांधणीची हयगय चालत नाही. हा फरक कळण्यासाठी वजन आणि सांधा या दोन्हींचा विचार हवा. प्रोग्रॅमच्या तयार नमुन्यांत पोलादाचे आणि काँक्रीटचे छेद मिळतात, कूड मिळत नाही. विद्यार्थ्याला आपल्याच घराची भिंत तेथे एक सपाट ठोकळा म्हणून काढावी लागते.

म्हणून प्रोग्रॅम वापरावा, पण क्रम बदलावा. आधी काड्यांची चौकट करून ती हलवून पाहावी. मग जवळच्या एका खऱ्या भिंतीचे सांधे पाहून वहीत काढावेत. गावातल्या सुताराला किंवा गवंड्याला विचारावे. त्यानंतर संगणकाकडे यावे. तेथे प्रत्येक वेळी 'मिळवा' म्हणण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: हा भाग कोणते बल घेतो? तो शेजारच्या भागाला कशाने जोडला आहे? तो काढला तर काय हलेल? ज्या भागाबद्दल ही उत्तरे देता येत नाहीत, तो चित्रात कितीही शोभला तरी त्याचे गुण देऊ नयेत.