धातू ऑक्साइड वायुसंवेदक आणि डोपिंग : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
१९६२ मध्ये जपानमधील सेइयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ पटलाची विद्युतवाहकता वायूच्या सान्निध्यात बदलते, हे दाखविले. त्याच काळात तागुची यांनी टिन ऑक्साइडवर आधारित संवेदक विकसित केला. पुढे या पदार्थांची संवेदनक्षमता वाढविण्याचा डोपिंग हा प्रमुख मार्ग ठरला. प्रस्तुत लेखात या मार्गाचे सामर्थ्य मान्य करून तत्संबंधी संशोधनलेखनातील काही उणिवांचा परामर्श घेण्यात आला आहे.

कार्यतत्त्व :
टिन ऑक्साइड हा एन-प्रकारचा अर्धसंवाहक होय. सर्वसाधारणपणे २०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानास हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर अधिशोषित होऊन इलेक्ट्रॉन पकडतो व रोध वाढतो. कार्बन मोनॉक्साइडसारखा क्षपणकारक वायू या ऑक्सिजनशी अभिक्रिया करताच इलेक्ट्रॉन मुक्त होतात व रोध घटतो. हवेतील व वायूतील रोधांचे गुणोत्तर हे संवेदनक्षमतेचे माप मानले जाते.

चिकित्सा :
पहिली उणीव संज्ञेची आहे. ॲल्युमिनियम किंवा अँटिमनी स्फटिकजालकात टिनची जागा घेतात. हे खरे डोपिंग होय. पॅलॅडियम किंवा प्लॅटिनमचे सूक्ष्म कण मात्र बहुधा पृष्ठभागावर राहून उत्प्रेरकाचे कार्य करतात. दोहोंना एकच नाव दिल्याने कारणमीमांसा धूसर होते. १९९१ मध्ये यामाझोए यांच्या गटाने दाखविले की, ॲल्युमिनियममुळे टिन ऑक्साइडची संवेदनक्षमता वाढते, तर अँटिमनीमुळे ती घटते. कमी संयुजेचे ॲल्युमिनियम मुक्त इलेक्ट्रॉन कमी करते, अँटिमनी ते वाढविते. म्हणजेच डोपिंग हे स्वयमेव सुधारणेचे साधन नव्हे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. त्याच गटाच्या अभ्यासानुसार कणांचा आकार सुमारे ६ नॅनोमीटरपेक्षा कमी झाल्यास संवेदनक्षमता झपाट्याने वाढते. अनेक डोपक कणांची वाढही रोखतात. अशा वेळी लाभ डोपकाच्या इलेक्ट्रॉनीय परिणामाचा की केवळ लहान कणांचा, हे समान आकाराच्या डोपकविरहित नमुन्याशी तुलना केल्याखेरीज सांगता येत नाही. क्ष-किरण विवर्तनात नवे शिखर दिसले नाही, एवढ्यावरून डोपक जालकात शिरला असा निष्कर्ष काढणेही घाईचे ठरते. अल्प प्रमाणातील वेगळी प्रावस्था या तंत्रास सहज दिसत नाही.

तिसरी उणीव चाचणीची. कोरड्या हवेत, एकाच वायूच्या दशलक्षात १००० भाग इतक्या संहतीला मिळालेला उत्तम प्रतिसाद व्यवहारात पुरेसा नसतो. बाष्पाचे रेणू पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट निर्माण करून प्रतिसाद बदलतात. कोकणातील पावसाळ्यात स्वयंपाकघरात बसविलेल्या संवेदकाची खरी कसोटी तेथेच लागते. शिवाय पॅलॅडियम अनेक ज्वलनशील वायूंचा प्रतिसाद वाढविते. त्यामुळे संवेदनक्षमता वाढली तरी निवडक्षमता वाढतेच असे नाही. वारंवार खोटी सूचना देणारा संवेदक लोक बंद करून ठेवतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर गंधही नसतो.

निष्कर्ष :
डोपिंगचे महत्त्व निर्विवाद आहे; परंतु संवेदनक्षमतेचा एक आकडा म्हणजे सुधारणा नव्हे. डोपकाचे स्थान, कणांचा आकार, आर्द्रतेचा परिणाम, इतर वायूंना मिळणारा प्रतिसाद आणि काही महिन्यांनंतरचे स्थैर्य यांची नोंद प्रत्येक अभ्यासात असणे आवश्यक आहे. यांपैकी शेवटच्या तीन चाचण्यांसाठी महागड्या उपकरणांपेक्षा चिकाटीची गरज अधिक असल्याने महाविद्यालयीन प्रयोगशाळांनाही त्या करता येण्याजोग्या आहेत.