वहीतील सामने आणि त्यांची समीक्षा

खेळावरील लेखनास साहित्यात स्थान द्यावे की नाही, ह्याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु जे सामने कोणत्याही मैदानावर कधी झालेच नाहीत त्यांची समीक्षा, हा प्रकार आमच्या बहुतेक वाचकांस अपरिचितच असेल. अमेरिकेत तो चांगला रुजला आहे. हॅल रिचमन नामक गृहस्थाने १९६१ साली फाशांवर आणि छापील पत्त्यांवर चालणारा बेसबॉलचा खेळ विक्रीस काढला. १९६८ मध्ये तेथल्या फुटबॉलचाही तसाच खेळ निघाला. (हा फुटबॉल चेंडू छातीशी धरून धावण्याचा, आपल्याकडचा नव्हे.) पुढे फाशांची जागा संगणकाने घेतली. हौशी मंडळी एकेक संघ वाटून घेतात, खेळाडू निवडतात, डावपेच ठरवितात. सामना संगणक खेळवितो. आणि मोसम संपला की कोणीतरी प्रत्येक संघाच्या वर्षभराच्या कामगिरीचे परीक्षण लिहितो.

हे सारे फार दूरचे वाटेल. परंतु मालवणच्या किनाऱ्यावर आषाढधारा सुरू होऊन मैदानांची तळी झाली, की घराघरांतील मुलेही थोड्याफार फरकाने हेच करतात. त्यास ती 'बुक क्रिकेट' म्हणतात. अशा खेळाची एक शंभर पानी वही आमच्या हाती आली आहे. कर्त्याचे नाव आम्ही देत नाही, कारण हा अंक त्याच्या गणिताच्या मास्तरांच्याही वाचनात येतो. सिंधुदुर्गातील आठ तालुक्यांचे आठ संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक, असे अठ्ठावीस सामने, सर्वांचे धावफलक, आणि शेवटी दर संघास एकेक पान ह्याप्रमाणे आठ परीक्षणे, असा तिचा ऐवज आहे. अक्षर वाईट, पण चिकाटी विलक्षण.

नियम साधे आहेत. पुस्तक मिटल्या डोळ्यांनी उघडावे आणि डाव्या पानाच्या आकड्यातील शेवटचा अंक पाहावा. शून्य आला तर गडी बाद. दोन, चार, सहा आले तर तितक्या धावा. आठ आला तर एक. डावे पान नेहमी समसंख्येचे असते, म्हणून अंक पाचच संभवतात. अर्थात पाच वेळा पुस्तक उघडल्यावर सरासरीने एक गडी जातो, दर गड्यामागे तेरा धावा पडतात आणि दहा गड्यांचा डाव एकशेतीसच्या आसपास येतो. पाचांतला एक फलंदाज भोपळा घेऊन परतावयाचाच. ह्यात कर्णधारास करण्यासारखे काहीही नाही.

आता वहीतील क्रम पाहा. वेंगुर्ल्याने सहा सामने जिंकले, मालवणने पाच; कुडाळ व सावंतवाडीने चार-चार, कणकवली व देवगडने तीन-तीन, वैभववाडीने दोन आणि दोडामार्गने एक. परीक्षणकार ह्या क्रमास कारणे पुरवितो. वेंगुर्ल्याच्या अंगी त्यास संयम दिसतो, मालवणच्या अंगी खाऱ्या वाऱ्याचा रगेलपणा, आणि दोडामार्ग? तो तालुका नवा, रानातला, म्हणून त्याचे खेळाडू बुजरे व ऐन वेळी कच खाणारे! आमचा आक्षेप येथे आहे. आठही संघ अगदी तुल्यबल धरले आणि प्रत्येक सामना नाणे उडवून ठरविला, तरी सात सामन्यांत पाच किंवा अधिक विजय मिळविणारे संघ सरासरीने दोनाच्या जवळपास निघतात, आणि दोन किंवा कमी विजयांचे संघही तितकेच. वहीतही नेमके दोन वर आहेत आणि दोन खाली. म्हणजे जेथे मुळी कारणच नव्हते तेथे परीक्षणकारास कारण हवे झाले; ते वहीत सापडेना, तेव्हा त्याने ते घरातल्या गप्पांतून आणले. दोडामार्गविषयीचा शेरा पुस्तकाच्या पानांनी दिलेला नाही, तो वडीलधाऱ्यांच्या तोंडचा आहे. हा दोष केवळ पोरवयाचा असता तर आम्ही इतकी शाई खर्चिली नसती.

खऱ्या मैदानाची गोष्ट निराळी. प्रो कबड्डीत पुणेरी पलटण २०२२ च्या मोसमात उपविजयी ठरली, पुढील मोसमात, १ मार्च २०२४ रोजी, हरियाणाला २८-२५ असे नमवून विजेती झाली आणि त्यानंतरच्या मोसमात बाद फेरीही गाठू शकली नाही. ह्या घसरणीची मीमांसा करणाऱ्यास कर्णधार अस्लम इनामदारची दुखापत हे हाती धरण्याजोगे कारण आहे. ते पुरेसे की अपुरे, ह्यावर वाद घालता येतो. अमेरिकेतील त्या संगणकी फुटबॉलातही निवड व डावपेच माणसाचेच असल्यामुळे निवडीची चर्चा होऊ शकते, मग निकाल काहीही लागो. चांगली निवड करूनही संघ हरला, असे लिहिण्याचे धैर्य मात्र तेथील परीक्षणकारासही हवे.

परंतु आमच्या ह्या लेखकाच्या हातून दोन ठिकाणी खरी समीक्षा घडली आहे, आणि तीसाठीच वही वाचनीय ठरते. देवगडच्या परीक्षणात तो मोजून दाखवितो की, चार पराभवांपैकी तीन दहाहून कमी धावांचे होते; सबब देवगडास मालवणहून हीन लेखण्यास आधार नाही. दुसरे स्थळ ह्याहून मार्मिक आहे. कुडाळ-कणकवली सामन्याखाली तो नोंदवितो की, भूगोलाच्या पुस्तकाची शिवण उसवल्यामुळे ते पुनःपुन्हा एकाच ठिकाणी उघडते, म्हणून तो सामना रद्द करून जाड शब्दकोशावर नव्याने खेळविला. साऱ्या मोसमात निकालास खरे कारण असे एवढेच होते, आणि ते त्याने ओळखले!

मग कल्पनेस मज्जाव करावा काय? मुळीच नाही. जॅक केरुॲक हा अमेरिकन कादंबरीकार बालपणापासून पुढे प्रौढ वयापर्यंत कल्पित बेसबॉल संघांचे सामने पत्त्यांवर खेळवीत असे आणि त्यांची वार्तापत्रे स्वतः लिहीत असे; ते कागद न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जतन केलेले आहेत. त्याचे खेळाडूही कल्पितच होते. त्यांस भित्रे म्हटल्याने कोणत्याही गावाचे नाव खराब होत नव्हते. आमच्या लेखकाने तालुके खरे घेतले, येथेच त्याची जबाबदारी वाढली. वहीची अखेरची चार पाने कोरी आहेत आणि पुढील मोसमाचा तक्ता आखून ठेवला आहे. त्यात पहिलाच सामना दोडामार्ग विरुद्ध वेंगुर्ले असा लावला आहे.