कादंबरी कशावर आहे?

आमच्या वाचकांपैकी काहींच्या कपाटात कादंबरीचे एखादे अप्रकाशित हस्तलिखित असेल, असे मानण्यास हरकत नसावी. बदलीच्या गावी, कचेरीचे काम आटोपल्यावर रात्री लिहिलेले. स्नेह्यांना त्याचा सुगावा लागला की प्रश्न ठरलेला असतो: ‘कशावर आहे?’ लेखकाला हा प्रश्न अरसिकपणाचा वाटतो. आमच्या मते तो तसा नाही. टीकाकारही अखेर हेच विचारीत असतो.

घोटाळा होतो तो उत्तरात. काही लेखक ‘मानवी एकाकीपणावर’ असे सांगून मोकळे होतात. काही पहिल्या प्रकरणापासून कथा सांगू लागतात आणि तिसऱ्या प्रकरणापाशी श्रोता घड्याळ पाहतो. पहिली खोड आपल्या पेशातलीच आहे. फाईलच्या माथ्यावर ‘विषय’ लिहिला की निम्मे काम झाले, ही सवय कादंबरीपुढे लंगडी पडते. बाबा पदमनजींच्या काळी ती चालली. १८५७ साली त्यांनी ‘यमुनापर्यटन’ या नावालाच विधवांच्या स्थितीचे निरूपण असा जोड दिला. तेथे विषय हाच हेतू होता.

१९३९ च्या ‘रणांगण’चा विषय कोणता सांगावा? ‘बोटीवरील प्रेमप्रकरण’ म्हटले तर ते खरे आहे; ‘जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू’ म्हटले तर तेही खरेच. दोन्ही उत्तरे ऐकून पुस्तक हाती घ्यावेसे मात्र वाटत नाही. आता असे सांगून पाहावे: प्रेमावरचा विश्वास उडालेला एक मराठी तरुण मायदेशी परतत आहे, पण त्याच बोटीवर त्याला अशी स्त्री भेटते की जिच्यापाशी प्रेमावाचून काही उरलेलेच नाही, आणि प्रवासाचे दिवस तर मोजके आहेत. बेडेकरांची कादंबरी याहून पुष्कळ मोठी आहे; तरी तिची नाडी या वाक्यात हाताला लागते. लागते ती त्यातील ‘पण’मुळे. तीनशे पृष्ठे लिहूनही लेखकाला हा ‘पण’ सापडत नसेल, तर उणीव बहुधा त्याच्या वक्तृत्वात नसून हस्तलिखितात असते.

बहुधा म्हणावयाचे कारण ‘कोसला’. खेड्यातला मुलगा पुण्यास शिकावयास जातो, नापास होतो, गावी परततो. १९६३ पूर्वी नेमाड्यांनी एखाद्या सद्गृहस्थास एवढेच सांगितले असते, तर त्याने सहानुभूतीने मान हलविली असती. जेथे निवेदनाचा सूर हेच सर्वस्व आहे, तेथे सारांश सांगण्याच्या भरीस पडू नये. एक पान वाचून दाखवावे.

परप्रांतात आणखी एक अडचण येते. विचारणारा सहकारी पुष्कळदा बंगाली किंवा तमिळ असतो, आणि आपल्या कादंबरीचा सारांश आपण प्रथम इंग्रजीत किंवा हिंदीतच सांगतो. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. १९५८ च्या इंग्रजी भाषांतराला नाव मिळाले ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’. मराठी वाचकाला वाडीचे नुसते नाव पुरले. परक्याला गावाला भिंती नव्हत्या हे सांगावे लागले. भाषांतरकाराने ते केले यात वावगे काहीच नाही, ते त्याचे कामच होते. परंतु हस्तलिखित अजून आपल्या हाती असताना लेखक स्वतःच भाषांतरकार होऊ लागला, तर ते धोक्याचे. दिवाणखान्यात चार वेळा ‘धनगर म्हणजे कोण’ हे समजावून सांगितले, की पाचव्या वेळी तो खुलासा दुसऱ्या प्रकरणात हळूच येऊन बसतो. आपल्या मजकुरात ‘तालीम म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा’ अशा धर्तीची वाक्ये आढळली, तर ती कोणत्या सहकाऱ्यासाठी लिहिली गेली हे लेखकाला नेमके आठवेल. ती खुशाल खोडावीत. त्या सहकाऱ्याला तोंडीच सांगता येईल.