आक्षेपित चाल : डीप ब्ल्यू-कास्पारोव्ह सामन्याच्या तीन कथनांची चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या कृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला नवा नाही. प्रक्षिप्त ओव्यांचा वाद, एकाच नावाने लिहिणाऱ्या अनेक कवींचा वाद, हस्तलिखितातील एखादी ओळ मूळ कवीची की नकलकाराची हा वाद, असे सारे वाद आपण अभ्यासक्रमात शिकवितो. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे बुद्धिबळाच्या पटावर असाच एक वाद उद्भवला. आय. बी. एम. कंपनीच्या 'डीप ब्ल्यू' या संगणकाने तत्कालीन विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह याच्याविरुद्ध दुसऱ्या डावात केलेल्या दोन चाली यंत्राच्या नसून पडद्याआडच्या मनुष्याच्या असाव्यात, असा संशय खुद्द कास्पारोव्हने व्यक्त केला. फुटबॉलपटू मॅराडोनाच्या १९८६ च्या 'देवाच्या हाता'ची आठवण त्याने पत्रकारांसमोर काढली, तेव्हा त्याचा रोख कोठे होता हे कोणासही सांगावे लागले नाही.

या घटनेची तीन प्रमुख कथने उपलब्ध आहेत : यंत्राचा निर्माता फेंग-श्युंग श्यू याचे 'बिहाइंड डीप ब्ल्यू' हे पुस्तक (२००२), विक्रम जयंती दिग्दर्शित 'गेम ओव्हर : कास्पारोव्ह अँड द मशीन' हा माहितीपट (२००३) आणि कास्पारोव्हने मिग ग्रीनगार्ड यांच्या साहाय्याने लिहिलेले 'डीप थिंकिंग' (२०१७). प्रस्तुत लेखात या तिन्हींची चिकित्सा करावयाची आहे. ती नागपुरात बसून का करावी, याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात येईल.

चाल आणि तिचे वाचन

दुसरा डाव ४ मे रोजी झाला. पांढरी मोहरी यंत्राकडे होती. छत्तिसाव्या चालीस यंत्राला वजीर बी६ या घरात नेऊन प्यादी मारण्याचा मार्ग मोकळा होता. त्या काळचे संगणक प्यादे दिसले की ते मारीत; कास्पारोव्हची सारी सामनापूर्व तयारी या लोभावर आधारलेली होती. यंत्राने मात्र वजीर नेला नाही. त्याने प्रथम बी५ वर प्याद्याची मारामारी केली आणि पुढच्याच चालीस उंट ई४ या घरात आणून प्रतिस्पर्ध्याच्या प्रतिहल्ल्याची वाटच बंद केली. मिळता लाभ सोडून शत्रूची हालचाल रोखणे हा मुरलेल्या खेळाडूचा संयम होय. कास्पारोव्हला धक्का बसला तो या संयमाचा. आठ चालींनंतर, यंत्राच्या पंचेचाळिसाव्या चालीवर, त्याने डाव सोडला.

दुसऱ्या दिवशी त्याला त्याच्याच सहकाऱ्यांकडून कळले की, डाव सोडला त्या स्थितीत काळा वजीर ई३ घरात घुसविला असता तर निरंतर शहाच्या आधारे बरोबरी साधता आली असती. म्हणजे यंत्राच्या अखेरच्या चालींत दोष राहिला होता, आणि तो दोष दोन्ही बाजूंनी पाहिला गेला नाही.

येथे एक विसंगती आहे व तिन्ही कथनांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. कास्पारोव्हने डाव सोडला तो या विश्वासाने की, निरंतर शहासारखी साधी पळवाट यंत्र ठेवणारच नाही. गणनेत यंत्र अचूक असते, हे गृहीत त्यामागे होते. पण त्याच डावातील छत्तिसाव्या व सदतिसाव्या चालींबद्दल त्याचे मत होते की, या यंत्राच्या असूच शकत नाहीत. एका वाचकाने एकाच संहितेच्या दोन पानांवर दोन भिन्न कर्ते मानले, आणि दोन्ही वेळा तो चुकला. जेथे त्याने मनुष्य पाहिला तेथे यंत्र होते; जेथे त्याने निर्दोष यंत्र पाहिले तेथे सदोष यंत्र होते.

याच मालिकेतील पहिल्या डावाची कथा याहून बोलकी आहे. तो डाव कास्पारोव्हने जिंकला. हरण्याच्या बेतात असताना चव्वेचाळिसाव्या चालीस यंत्राने आपला हत्ती डी१ घरात नेला. या चालीचा अर्थ लागत नव्हता. पुढे, २०१२ साली, नेट सिल्व्हर यांनी 'द सिग्नल अँड द नॉइज' या ग्रंथात डीप ब्ल्यू संघातील मरे कॅम्पबेल यांच्या सांगण्यावरून लिहिले की, ती चाल म्हणजे आज्ञावलीतील निव्वळ दोष होता. यंत्राला निवड करता आली नाही व त्याने कोणतीतरी वैध चाल केली. कास्पारोव्हच्या गोटात मात्र तिचा अर्थ असा लावला गेला की, यंत्राने अनेक चाली पुढचा पराभव पाहिला असावा. साध्या मुद्रणदोषात गूढार्थ शोधणारे भाष्यकार आपल्या परंपरेतही होऊन गेले. त्यांच्याकडे पाहून हसण्याचा अधिकार आपणांस नाही. अर्थात सामन्याचा संपूर्ण निकाल या एका चालीवर लादणे अतिव्याप्त होईल.

तीन कथने

श्यू यांचे पुस्तक अभियंत्याचे आहे. १९८५ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात विद्यार्थी असताना त्यांनी एका चिपपासून काम सुरू केले. १९९७ च्या यंत्रात बुद्धिबळासाठी घडविलेल्या ४८० चिप होत्या व ते सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. हा प्रवास ते सविस्तर सांगतात. आक्षेपित चालीविषयी त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : यंत्राने आधी वजिराचीच चाल पसंत केली होती, शोध खोल जाताच तिचे मूल्य घसरले, यंत्राने जादा वेळ घेतला आणि मत बदलले. स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. परंतु समोरच्या माणसाच्या मनात काय घडत असेल, याचे कुतूहल पुस्तकात फारसे आढळत नाही. प्रतिपक्षाचा संशय हा त्यांना केवळ अपमान वाटतो. वाद मिटविण्याचे साधन असलेली यंत्राची नोंदवही तत्काळ खुली का झाली नाही, या प्रश्नावर पुस्तक बचावात्मक होते.

माहितीपटाविषयी कठोर बोलणे भाग आहे. व्हिएन्नाच्या दरबारात १७७० साली फॉन केम्पेलन याने दाखविलेला 'तुर्क' हा बुद्धिबळ खेळणारा पुतळा प्रसिद्ध आहे. त्याच्या पेटीत माणूस दडलेला असे. जयंती यांनी ही प्रतिमा पुनःपुन्हा वापरून प्रेक्षकाच्या मनात निष्कर्ष आधीच पेरला आहे. पुराव्याच्या जागी सूचन ठेवणे हा काव्याचा गुण असेल, परंतु आरोपाच्या संदर्भात तो दोष ठरतो. गमतीचा भाग असा की, पेटीतला माणूस खरोखरच सापडतो, पण दुसऱ्या डावात नव्हे. ११ मे रोजीच्या सहाव्या व निर्णायक डावात यंत्राने आठव्या चालीस घोड्याचा बळी दिला आणि कास्पारोव्ह एकोणीस चालींत हरला. ती चाल यंत्राच्या शोधातून आलेली नव्हती. ती मनुष्याने भरलेल्या प्रारंभकोशातील होती. संघाला साहाय्य करणारे ग्रँडमास्टर मिगेल इयेस्कास यांनी २००९ मधील मुलाखतीत सांगितले की, ही नोंद त्याच दिवशी सकाळी केली होती. दोन डावांच्या दरम्यान असे बदल करण्यास नियमांची मुभा होती. म्हणजे जी चाल वादग्रस्त ठरली ती यंत्राची, आणि जिने सामना संपविला तिच्यामागे माणसाचा हात. जयंती यांचा कॅमेरा भलत्याच पेटीत डोकावत राहिला.

'डीप थिंकिंग' हे तिन्हींत उत्तम आहे. वीस वर्षांनी कास्पारोव्ह आपलेच डाव आधुनिक इंजिनांच्या साहाय्याने तपासतो आणि आपण वाईट खेळलो, डीप ब्ल्यूला त्या वेळी वाटले तेवढे बळही नव्हते, अशी कबुली देतो. फसवणुकीच्या आरोपाची धार तो बोथट करतो, पण कंपनीच्या वर्तनावरील राग सोडत नाही. या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या, हे पुस्तकाचे खरे यश. फसवणूक झाली नसेल. तथापि तपासणीची मागणी रास्तच होती. नोंदी मागितल्या तेव्हा मिळाल्या नाहीत; त्या पुढे प्रसिद्ध झाल्या, तोवर सामना संपला होता, यंत्र निवृत्त झाले होते आणि फेरसामना होणार नव्हता. आज त्या यंत्राचे दोन भाग अमेरिकेतील दोन संग्रहालयांत आहेत. पराभूताला सामना चालू असताना हवा असलेला कागद संशोधकांना नंतर मिळून उपयोग कोणाचा?

उलटलेला संशय

१९९७ नंतर तराजू फिरला. २००६ साली बॉन येथे क्रामनिक 'डीप फ्रिट्झ'समोर एका चालीतील मात पाहू शकला नाही व सामना २-४ असा हरला. त्यानंतर अशा सामन्यांतील औत्सुक्य संपले. २०१७ साली 'अल्फाझीरो'ने 'स्टॉकफिश'विरुद्ध शंभर डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडविले, एकही गमावला नाही. आता संशय उलट दिशेने वाहतो. यंत्र माणसासारखे खेळले म्हणून नव्हे, तर माणूस यंत्रासारखा खेळला म्हणून आक्षेप घेतला जातो. २००६ मध्ये दिल्लीतील स्पर्धेत एका खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथ उपकरण सापडले. तेथे वस्तू होती. २०२२ मध्ये सेंट लुई येथे कार्लसन-नीमन प्रकरणात अशी वस्तू नव्हती; होती ती चालींची प्रत आणि तिच्यावरून बांधलेले तर्क. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये तडजोडीने मिटले. त्या पटावरील डावात फसवणूक झाल्याचे सिद्ध झालेले नाही.

नागपूरकरांना हा विषय दूरचा वाटू नये. रौनक साधवानी (२०१९), संकल्प गुप्ता (२०२१) आणि २८ जुलै २०२५ रोजी बातुमी येथे कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये नमवून महिला विश्वचषक जिंकणारी व त्याच विजयाने ग्रँडमास्टर झालेली दिव्या देशमुख, ही या शहराची पिढी इंजिनाच्या सहवासातच वाढली. त्या अंतिम लढतीच्या वेळी आपल्यापैकी अनेकजण पडद्याच्या कडेची मूल्यमापनपट्टी वरखाली होताना पाहत होते. घड्याळात सेकंद उरलेल्या दोन खेळाडूंना जे दिसत नव्हते ते दिवाणखान्यातल्या प्रत्येकाला दिसत होते, आणि "हे कसे सुचले नाही" असे म्हणणे फार सोपे झाले होते. डाव न वाचताच समीक्षक होण्याची ही सोय आहे. आपले विद्यार्थी कविता न वाचता मार्गदर्शिका वाचतात, त्याहून हा प्रकार वेगळा नाही.

मिहानमधील प्रश्न

परंतु बुद्धिबळात हरलेल्याचे नुकसान मर्यादित असते. कास्पारोव्हला पराभवापोटीही चार लाख डॉलर मिळाले. यंत्राची चाल जेव्हा नागरिकाविरुद्ध असते तेव्हा काय? मिहानच्या परिसरात भारतीय प्रबंध संस्थेचे नागपूर संकुल आहे. गुन्हे तपासात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये स्थापन केलेल्या 'मार्व्हल' या कंपनीच्या उभारणीत ही संस्था सहभागी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर एका महिलेचा जीव घेऊन पळालेला ट्रक सीसीटीव्ही चित्रणांतून हुडकण्यास या तंत्राचे साहाय्य झाले. त्याचे स्वागतच केले पाहिजे. हजारो वाहनांतून एक वाहन निवडणे हे माणसाच्या डोळ्यांच्या आवाक्यातील काम नाही.

प्रश्न त्या दिवसाचा आहे, ज्या दिवशी कोणी म्हणेल की निवडलेले वाहन माझे नव्हते. त्याला छत्तिसाव्या चालीची नोंद मिळेल काय? भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र लागते व त्यात हॅश मूल्य नमूद करावे लागते. त्यावरून अभिलेखात फेरफार झालेला नाही, हे कळते. यंत्राने हेच वाहन का निवडले, दुसऱ्या क्रमांकावर कोणते होते, पसंती कितव्या टप्प्यावर बदलली, हे त्यावरून कळत नाही. डीप ब्ल्यूच्या चालींच्या प्रतीतही एका अक्षराचा फेरफार नव्हता. वाद प्रतीचा नव्हताच.

त्याच मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचे केंद्र २०१५ पासून चालते. विमानदुरुस्तीची रीत अशी की, परवानाधारक अभियंत्याने केलेल्या कामाखाली सही केल्याखेरीज विमान उड्डाणास मोकळे होत नाही. ती नोंद काम करतानाच होते आणि तपासणी अधिकारी मागेल तेव्हा दाखवावी लागते. अपघात झाल्यावर ती तयार करावयाची नसते. न्यूयॉर्कच्या पस्तिसाव्या मजल्यावरील त्या दालनात अशी एक वही पटाशेजारी, दोन्ही पक्षांच्या पंचाकडे असती, तर ५ मे रोजी सकाळीच श्यू यांचे स्पष्टीकरण कास्पारोव्हच्या हाती पडले असते. उरलेले चार डाव त्याने कसे खेळले असते, हे सांगता येत नाही. निदान तो पटावरच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळला असता, पेटीतल्या कल्पित माणसाशी नव्हे.