ऋतूंनी शिकवावे की नाही? : टिळक, लक्ष्मीबाई आणि आमची वाडी

आज दिवेआगरहून, घरातूनच बोलतो आहोत. मागे पोफळींची सळसळ ऐकू येईल, मधूनच शेजारचा पंप सुरू होईल. त्याला इलाज नाही.

विषय तुम्हाला कळवला होताच. रोजच्या जगण्यातून आणि बदलत्या ऋतूंतून ख्रिस्ती श्रद्धेचे धडे काढणारे लेखन मराठीत पुष्कळ झाले आहे, आजही होते. पेरणी आली की पेरणाऱ्याचा दाखला, पानगळ झाली की मरण आणि पुनरुत्थान, दिवाबत्तीची वेळ झाली की जगाचा प्रकाश. असे लेखन वाचताना एक प्रश्न पडतो. धडा झाडातून निघाला, की आधीच तयार होता आणि झाडाला फक्त टांगला? आज एवढ्याच प्रश्नाचा विचार करू.

आम्ही ख्रिस्ती नाही. जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला आणि रेव्हरंड टिळक ही जुनी आवड, म्हणून बाहेरचा वाचक या नात्याने बोलतो. पण अगदी तिऱ्हाईत म्हणूनही नव्हे. हा प्रश्न एकदा आमच्या वाडीत येऊन गेला आहे. ते पुढे सांगू.

आधी मुळाकडे जाऊ. येशूचे दाखले घरातले आणि शेतातले आहेत: खमीर, दिवा, हरवलेले नाणे, अंजिराचे झाड, वाटेवर पडलेले बी. ऐकणाऱ्याला हे सगळे रोज दिसत होते, म्हणून ते पटकन पोचायचे. पण ते शेत पॅलेस्टाईनमधले. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथे धान्य मुठीने फेकून पेरतात. आमच्याकडे भाताचे रोप आधी एका जागी वाढवतात, मग उपटतात, जुड्या बांधतात आणि चिखलात दुसरीकडे लावतात. उपटल्याशिवाय भात होत नाही, हा अनुभव शुभवर्तमानातल्या शेतकऱ्याला नव्हता. पुढे त्याच दाखल्यांवर युरोपचे ऋतू चढले. नाताळच्या कार्डावर बर्फ आला, ईस्टरला वसंत आला. आमच्या कोकणात नाताळात आंब्याला मोहोर दिसू लागतो, वालाच्या शेंगा भरायला लागतात आणि पोपटीची मडकी लागतात. ईस्टरच्या सुमारास विहिरीचा तळ दिसायला लागतो. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाच्या हाती धर्म आला तो परक्या पंचांगासकट. त्याने काय करावे?

पहिले मोठे उत्तर भाषेचे होते. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. दहा हजारांवर ओव्या, आणि भाषा मराठी. या भाषेचे कौतुक करताना त्यांनी मोगरा, कस्तुरी, मोर अशा इथल्याच गोष्टी आणल्या. हे लहान काम नव्हे. परका माणूस इथल्या फुलाला आपल्या पवित्र ग्रंथात जागा देतो. तरी फूल तिथे उपमेपुरतेच आहे, ते स्वतः काही बोलत नाही.

फुलाला बोलके केले ते टिळकांनी. नारायण वामन टिळक कोकणातलेच. १८६१ साली करजगावला जन्मले, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, १९१९ मध्ये गेले. ‘फुलांमुलांचे कवी’ हे बिरुद त्यांना चिकटले ते उगीच नाही. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, अशी त्यांची स्वतःचीच धारणा होती. अभंग, ओवी, भजन ही त्यांची साधने होती. चर्चमध्ये मराठी माणसाने मराठी चालीवर गावे, यासाठी त्यांनी जे केले त्याला तोड नाही.

पण समीक्षकाने कौतुकावर थांबू नये. आमचे मत सांगतो, पटले नाही तर भांडा. टिळकांच्या निसर्गकवितेत दोन टिळक आहेत. एक टिळक फुलाला शाळामास्तर करतात. फूल उमलते आणि लगेच निःस्वार्थ सेवेचा पाठ देते, तारा चमकतो आणि लगेच चिकाटी सांगतो. वाचताना आपल्याला धडा आधी दिसतो, फूल नंतर. त्या फुलाच्या जागी दुसरे ठेवले तरी काही बिघडत नाही. हीच आमची कसोटी आहे: वस्तू बदलूनही धडा तसाच राहत असेल, तर त्या वस्तूने काही शिकवलेले नाही. नुसते हमालाचे काम केले.

दुसरे टिळक ‘केवढे हे क्रौर्य’ मध्ये भेटतात. शिकाऱ्याने जखमी केलेली पक्षीण पडत-उठत पिलांपर्यंत पोचते. शाळेत आपण सगळ्यांनी ही कविता वाचलेली आहे. इथे कवी माणसाच्या क्रूरपणावर बोट ठेवतो, पण त्या मरणातून सांत्वन पिळून काढत नाही. पक्षीण पक्षीणच राहते. म्हणून शंभर वर्षांनंतरही ती टोचते. हे टिळक मोठे.

या तुलनेत आणखी एक माणूस आणायला हवा. बालकवी ठोमरे अहमदनगरला टिळकांच्याच घरी राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. एकाच घरात दोन निसर्गकवी! बालकवींचा ‘औदुंबर’ काही शिकवत नाही. तो फक्त बसलेला आहे. गुरूला निसर्गातून उपदेश हवा होता, शिष्याला निसर्गच पुरला. पण म्हणून बालकवी खरे आणि टिळक खोटे, असा सोपा निकाल आम्ही देणार नाही. टिळक नगर जिल्ह्यात राहत होते तेव्हा १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. पाऊस न येणे म्हणजे काय, हे ज्याने असे जवळून पाहिले, त्याला निसर्गाकडे पाहताना माणसाचे काय होणार हा प्रश्न सुटणार कसा? उपदेशाची त्यांची घाई कळण्यासारखी आहे. कविता म्हणून ती कमी पडते, एवढेच.

आता लक्ष्मीबाई. आमच्या मते या विषयातले खरे उत्तर त्यांच्याकडे आहे, आणि ते ऋतूंत नाही, चुलीपाशी आहे. ‘स्मृतिचित्रे’ उघडा. सोवळ्याच्या वेडापायी बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावणारे वडील तिथे भेटतात. मीठ धुतले की काय उरणार, सांगा! दुसऱ्या एखाद्या लेखकाने इथे मिठाचा खारटपणा गेला तर, हा शुभवर्तमानातला दाखला लगेच जोडला असता. मीठ समोर आहे, दाखलाही तयार आहे. लक्ष्मीबाई जोडत नाहीत. त्या वडिलांना वडील राहू देतात. आपण हसतो आणि हसता हसता गप्प होतो.

त्यांचे स्वतःचे सोवळे गेले ते कसे, हेही बघा. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग त्याच्याजवळ आल्या, तरी चूल वेगळी, पाणी वेगळे. पुढे जातपात देवाने केली की माणसाने, असा हिशेब त्यांनी मनाशी घातला. माणसाने केली, हे उत्तर आले आणि मग कोणाच्याही हातचे पाणी चालू लागले. आकाशवाणी नाही, फूल नाही, इंद्रधनुष्य नाही. श्रद्धेतला सगळ्यात मोठा बदल पाण्याच्या भांड्याशी होतो. इथे आमची कसोटी लावून पाहा. भांडे काढून दुसरे काही ठेवता येते का? येत नाही. पाणी कोणाच्या हातचे प्यायचे, हाच तर प्रश्न होता.

आता वाडीचे सांगतो.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या या पट्ट्यावर आले. दुपारच्या दोन-तीन तासांत पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळांसकट आडवे झाले. ज्या वाडीत भर उन्हात सावलीने अंगावर काटा यायचा, तिथे संध्याकाळी घरातून थेट आकाश दिसत होते. त्यात टाळेबंदी. महिनाभर वीज नाही. वीज आल्यावर पहिला फोन एका स्नेह्याचा आला. सज्जन माणूस, ख्रिस्ती, चाळीस वर्षांची मैत्री. म्हणाला, “सर, देवाला यातून तुम्हाला काहीतरी शिकवायचं असेल.” आम्ही फोन ठेवला. खरे सांगायचे तर आपटला. आणि ही खोड एकाच धर्माची नव्हे. २०१२ मध्ये आमच्या गावची सुवर्णगणेशाची मूर्ती चोरीला गेली होती. वादळानंतर पारावर कोणी म्हणालेच, “गणपती गेला तेव्हाच हे ठरलं होतं.”

राग कशाचा आला होता? मोहोराचा धडा आम्ही स्वतःच तीस वर्षे वर्गात शिकवला होता. निसर्ग हा देवाचा दुसरा ग्रंथ, ही युरोपातली जुनी कल्पना आम्ही मोठ्या प्रेमाने फळ्यावर मांडत असू. मग ग्रंथ वाचायचा तर सगळा वाचायला हवा. मोहोराचे पान वाचायचे आणि ३ जूनचे मिटून ठेवायचे, हे चालणार नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे भरलेली असताना लिस्बनला भूकंप झाला, तेव्हा युरोपला हाच पेच पडला. व्हॉल्तेअरने त्यावर लिहिले. आम्ही ते शिकवत होतो, पण दुसऱ्याच्या गावचा भूकंप म्हणून.

त्या दिवसांत लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पुन्हा वाचला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. ती माणसे इतरांपेक्षा जास्त पापी होती असे समजता का, असे येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. पश्चात्तापाला तो सगळ्यांनाच बोलावतो, पण त्या अठरा जणांच्या मरणाचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडत नाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायात पाऊस नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर सारखाच पडतो. म्हणजे दाखले सांगणारा हा गुरू ऋतूंतून बक्षीस आणि शिक्षा वाचायला साफ नकार देतो. रानातल्या फुलांचा दाखला देतानाही, हे गवत उद्या भट्टीत जाणार आहे, हे तो लपवत नाही. आमच्या स्नेह्याचा धडा त्याच्या स्वतःच्याच ग्रंथाला धरून नव्हता. हे त्याला आम्ही पुढे पत्राने कळवले. त्याचे उत्तर दोन ओळींचे होते: तो चुकला होता, आणि आम्ही फोन आपटायला नको होता. दोन्ही खरे.

मग ऋतूंशी श्रद्धेने वागायचे तरी कसे? एक वाट लोकांनी आधीच काढलेली आहे. गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त असते. नव्या भाताची पहिली कणसे चर्चमध्ये नेतात, आशीर्वाद घेतात. इथे आमच्याकडे नवे बांधतात, भाताची लोंबी आंब्याच्या पानासकट दाराच्या चौकटीला. दोन्हीकडे भातातून कोणी धडा काढत नाही. भातच घेऊन जातात. आधी आभार मानायचे, अर्थाचे पुढे पाहू. जे पीक आले त्याचे आभार मानले, म्हणून न आलेल्या पिकाचे कारण सांगण्याची जबाबदारी अंगावर येत नाही. धडा काढणाऱ्यावर मात्र ती येते.

शेवटी थोरल्या बंधूंचे. वादळ झाले तेव्हा ते एक्क्याऐंशीचे होते. पावसाने जरा उघडीप दिली तशी त्यांनी आधी केळी लावल्या. पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळीची सावली करतात. मग श्रीवर्धनी रोठ्याची चाळीस रोपे लावली. पोफळ धरायला पाच-सहा वर्षे तरी जातात, कधी जास्तच. आम्ही म्हटले, “दादा, आता कशाला?” ते म्हणाले, “वाडी आहे म्हणून.” एवढेच. २०२३ मध्ये ते गेले.

ही गोष्ट सांगताना आमच्या जिभेवर धडा अगदी आलेला आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. आधी सावली, मग रोप; स्वतः न खाणार त्या फळाची लागवड; आशा; पुनरुत्थान. सगळे शब्द हाताशी आहेत. आणि त्यातला एखादा खराही असेल. पण दादांना विचारले असते तर ते म्हणाले असते, केळ लावली कारण ऊन होते. चाळीसातली सव्वीस रोपे जगली आहेत. वहिनी रोज संध्याकाळी त्यांना पाणी सोडतात. सुपारी अजून धरलेली नाही.

पुढच्या वेळी आपण ‘ख्रिस्तायन’ घेऊ. टिळकांच्या हातून ते अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. तोवर ‘स्मृतिचित्रे’ पेन्सिल घेऊन वाचा. लक्ष्मीबाईंनी स्वतःहून उपदेश केला आहे असे वाटेल तिथे खूण करा. किती खुणा झाल्या ते कळवा. आमच्या प्रतीत फार थोड्या आहेत.

आता प्रश्न असतील तर विचारा. पंप बंद झालेला दिसतो.