चोचवलेली काकडी

कोल्हापूरच्या जेवणाचं नाव निघालं की रसिकाची दृष्टी आधी तांबड्या रश्श्यावरच्या तर्रीवर खिळते, मग पांढऱ्याकडे वळते, मग सुक्या मटणाकडे. आणि पानाच्या डाव्या अंगाला, लिंबाच्या फोडीशेजारी मुकाट बसलेली कोशिंबीर तिथंच राहून जाते. आपण आज त्या डाव्या अंगालाच जरा रेंगाळू. चार माणसं सहज म्हणून रात्री जेवायला येणार आहेत, बेत अर्थात रश्श्याचा, आणि सोबतीला चमचाभर वाढायची नव्हे, तर पोटभर खाता येईल अशी पातेलंभर कोशिंबीर करायची आहे: काकडीची, कांद्याची आणि मोडाच्या मटकीची.

कपिलतीर्थ मंडईतून आणलेली कोवळी काकडी टोक कापून, जिभेला लावून, कडू नाही याची खात्री करून घेतली, की तिला किसणीपासून दूर ठेवावं. काकडी चोचवायची असते. डाव्या मुठीत ती उभी धरायची, सुरीनं तिच्या तोंडावर टच् टच् असे उभे-आडवे घाव घालत ती हातातल्या हातात फिरवायची, आणि मग त्या घावांखालून सुरी आडवी नेऊन पातळ थर ताटात उतरवायचा. ताटात पडणाऱ्या त्या हिरवट-पांढऱ्या राशीकडे नीट पाहावं: एक कण दुसऱ्यासारखा नाही, कुठे बारीक चुरा, कुठे टपोरा तुकडा, कुठे सालीची कडा तशीच राहिलेली. काकडीच्या शंभर भागांत सुमारे ९५ भाग पाणीच. किसणी ते सगळं एकदम मोकळं करते आणि हाती लगदा देते. चोचवलेल्या कणाच्या पोटात मात्र ते पाणी टिकून राहतं आणि दाताखाली येईल तेव्हाच फुटतं. एकाच घासात कुरकुरीतपणाच्या इतक्या श्रुती उमटतात त्या या असमानतेमुळेच, आणि म्हणून ही मेहनत मला कधीच जाचक वाटली नाही.

कांदा त्याच मापाचा बारीक, फार उग्र असेल तर गार पाण्यातून काढलेला. मटकी तीच, मिसळीतली. पण इथे तिला कट नाही, नुसती एक वाफ, तीही मोडांचा ताठा मोडणार नाही इतकीच. शेंगदाण्याचं कूट भरड हवं. पिठासारखं कूट कोशिंबिरीला चिकट करतं; भरड कूट सुटलेलं थोडं पाणी पिऊन घेतं आणि तरीही दाणा म्हणून चवीला उरतं. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, चिमूटभर साखर, लिंबू. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याची मापं घराघरांत रुजवली खरी, पण लिंबाचं माप शेवटी त्या दिवशीच्या लिंबावरच ठरतं.

मग पळीतलं तेल तापतं, मोहरी तडतडते, हिंगाचा दर्प उठतो, हिरव्या मिरचीचे तुकडे पांढरे पडतात, आणि ती फोडणी गार राशीवर पडताना जो चर्र आवाज होतो, तो ऐकायला पाहुण्यांनी आधीच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलेलं असावं. (उपवास असेल तर तूप-जिरं; पण मग रस्साही नाही आणि मटकीही नाही!)

यातली निम्मी रास दह्यात कालवावी. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून ग्लास हातात देतात, तिथं दही पातळ असून कसं चालेल? तांबड्याचा भुरका मारून कानशिलं तापलेला पाहुणा पाण्याच्या तांब्याकडे हात नेतो, तेव्हा त्याला थांबवून हे दही पुढं करावं. मिरचीचा दाह पाण्यात विरघळत नाही. दह्यातली स्निग्धता आणि प्रथिनं तो जिभेवरून उचलून नेतात. क्षणभरात रसना पुन्हा निर्मळ होते, आणि पुढचा भुरका पहिल्याइतकाच झणझणीत लागतो. रश्श्याची खरी रंगत ही अशी डाव्या बाजूनं राखली जाते. कोशिंबिरीवाचून तांबडा म्हणजे निम्मा तांबडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं मात्र पाळा: पाहुणे हात धुऊन पानावर बसेपर्यंत मीठ घालू नका. मीठ पडलं की काकडी पाणी सोडू लागते, आणि चोचवण्याचा सगळा खटाटोप अक्षरशः पाण्यात जातो.