दुधाचे पातेले आणि यकृत : पुरावा कुठवर पोचतो?

‘बिनकल्हईच्या पितळी भांड्यातल्या दुधामुळे लहान मुलांचे यकृत निकामी होत असे, भांडी बदलली आणि रोग गेला.’ इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस या बालरोगाची हकिगत व्याख्यानांतून आणि लेखांतून साधारणपणे अशी सांगितली जाते. तिचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला, म्हणून शिक्षकांनाही ती वर्गात सांगावीशी वाटते. ती जरूर सांगावी. परंतु इतक्या सरळ रेषेत सांगितली, तर तिच्यातले विज्ञानच निसटते असे आम्हांला वाटते. या संशोधनात नेमके काय दाखवले गेले, काय शिल्लक राहिले, आणि तरीही पालकांना दिलेला सल्ला योग्य होता का, हे येथे तपासू.

या रोगाचे वर्णन १८८७ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी प्रसिद्ध केले. तो मुख्यतः सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत दिसे. मूल किरकिरे होई, पोट फुगे, यकृत वाढून हाताला टणक लागे. पुढे कावीळ आणि जलोदर होऊन बहुतेक मुले दगावत. काही घरांत एकामागून एक भावंडे गेली. सिऱ्हॉसिसमध्ये यकृताच्या पेशी मरतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊती वाढतात आणि रक्ताच्या वाटा अडतात.

आता तांब्याकडे वळू. तांबे शरीराला अल्प प्रमाणात लागते. जास्तीचे तांबे यकृत पित्तात सोडते आणि ते विष्ठेवाटे बाहेर पडते. तांबे बाहेर टाकण्याचा हाच मुख्य मार्ग आहे. नवजात बाळाच्या यकृतात मुळातच तांबे बरेच असते. पहिल्या काही महिन्यांत ते उतरते. म्हणजे याच वयात वरून तांब्याचा मारा झाला, तर धोका अधिक. ही कल्पना तर्काला धरून आहे. पण तर्काला धरून असणे म्हणजे पुरावा नव्हे.

पहिला पुरावा १९७९ मध्ये पुढे आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील (परळचे नव्हे, रास्ता पेठेतील) डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या गटाने ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले, की या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड साठलेले असते. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या ऊतीत ते साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या रोगात ते ८०० च्याही वर जाते. त्याच वर्षी डॉ. पॉपर, डॉ. नायक आदींनीही अशा यकृतपेशींतील तांब्याविषयी लिहिले.

येथे पहिली शंका घ्यायला हवी. पित्ताची वाट तुंबली की तांबे आपोआप साठते. मग साठलेले तांबे हे रोगाचे कारण की परिणाम? तांब्याचे आकडे कितीही मोठे असले, तरी त्यांतून याचे उत्तर मिळत नाही.

म्हणून पुढचा प्रश्न तांबे आले कोठून, हा होता. पुण्याच्या गटाने १९८३ आणि १९८७ मध्ये आजारी मुलांच्या आहाराची माहिती घेऊन ती निरोगी मुलांशी ताडून पाहिली. आजारी मुलांना गाई-म्हशीचे वरचे दूध लवकर सुरू झाले होते आणि ते पितळी भांड्यात तापवले व ठेवले जात होते, असे आढळले. अशा भांड्यात दुधातले तांबे कित्येक पटींनी वाढते, हे प्रयोगशाळेतही दिसले. दुधातील केसिन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. आंबट पदार्थ पितळेत कळकतो हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक होते, म्हणून ताकाच्या भांड्याला कल्हई आवर्जून होई. दुधाबाबत मात्र तेवढी सावधगिरी नव्हती. या अभ्यासाची कमकुवत बाजू अशी, की मूल आजारी पडल्यावर आईला मागचे विचारले जाते. दुःखात असलेली आई भांड्याची आठवण अधिक काटेकोरपणे काढील, हे शक्य आहे.

तिसरा पुरावा औषधाचा. डी-पेनिसिलामाइन हे औषध तांबे धरून लघवीवाटे बाहेर काढते. आजाराच्या सुरुवातीला ते दिलेली काही मुले जगली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाठपुराव्यात अशा मुलांचे यकृत सुधारल्याचे आणि औषध थांबवल्यावरही रोग न उलटल्याचे नोंदले आहे. विल्सन रोगात तांबे बाहेर टाकण्यातच जन्मजात दोष असल्याने उपचार आयुष्यभर घ्यावे लागतात. येथे तसे झाले नाही. तांबे बाहेरून आले असावे, या मताला त्यामुळे चांगले बळ मिळते. आमच्या मते या सगळ्या मालिकेतला हा सर्वांत भक्कम दुवा आहे.

आता विरोधी बाजू पाहू. पितळी भांडी लक्षावधी घरांत होती. रोग मात्र थोड्याच मुलांना झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील तीन गावांच्या पिण्याच्या पाण्यात तांबे बरेच असूनही तेथील लहान मुलांत यकृतरोगाने मृत्यू आढळले नाहीत, असे शाइनबर्ग आणि स्टर्नलिब यांनी १९९४ मध्ये लिहिले. १९७९ च्या कामात सहभागी असलेले नायक यांनीच चितळे यांच्यासह २०१३ मध्ये आहारातील तांब्याच्या कारणाला आव्हान दिले. आणि ‘भांडी बदलली, रोग गेला’ या विधानात आणखी एक दोष आहे. गिरगावात, लालबागेत काय किंवा खेड्यात काय, पितळेची जागा स्टीलने घेतली त्याच काळात बाळाचा आहार, औषधोपचार, कुटुंबाचा आकार हे सारेच बदलत होते. एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या, तर श्रेय एकीलाच देता येत नाही.

या आक्षेपांचे काही उत्तर ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातून मिळते. १९०० ते १९७४ या काळात तेथे अशाच रोगाने दगावलेल्या १३८ मुलांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथेही बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात दूध तापवीत, आणि ती भांडी गेल्यावर रोग नाहीसा झाला. शिवाय रोग ठरावीक घराण्यांत आनुवंशिक रीतीने उतरलेला दिसला. म्हणजे भांडे आणि आनुवंशिकता यांपैकी एकच निवडावे लागते असे नाही. दोन्ही एकत्र आल्यावर रोग होत असावा. असे असेल, तर पुष्कळ मुले का वाचली याचा उलगडा होतो. मात्र भारतीय मुलांत असा आनुवंशिक दोष नेमका कोणता, हे ठरलेले नाही.

मग आमचा निष्कर्ष काय? तांब्यामुळे यकृताची हानी होते हे पटण्याजोगे आहे. दुधाचे भांडे हे एक महत्त्वाचे कारण होते, असे मानायला चांगला आधार आहे. तेच एकमेव कारण होते असे म्हणणे पुराव्याच्या पुढे जाणारे आहे. तरीही भांडे बदलण्याचा सल्ला देण्यासाठी शेवटच्या पुराव्याची वाट पाहणे चुकीचे ठरले असते. सल्ला चुकीचा निघाला असता तर कल्हईचा खर्च वाया गेला असता. बरोबर असून दिला नसता, तर मुले गेली असती. यकृत प्रत्यारोपणाची पहिली शस्त्रक्रिया १९६३ मध्ये अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी तीन वर्षांच्या मुलावर केली; ते मूल वाचले नाही. आज परळमध्येही प्रत्यारोपण होते. पण त्यासाठी दाता लागतो, मोठा खर्च लागतो, आणि नंतर बहुधा आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. कल्हईशी तुलना केली म्हणजे प्रतिबंधाचे मोल कळते.

हल्ली ‘जुने ते आरोग्यदायी’ म्हणून तांब्याच्या बाटल्या दादरच्या दुकानांतून सर्रास विकल्या जातात. निरोगी प्रौढाने त्यांतले साधे पाणी पिणे आणि तान्ह्याचे दूध बिनकल्हईच्या भांड्यात तापवणे, या एकच गोष्टी नव्हेत. पिण्याच्या पाण्यातील तांब्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. लिंबूपाणी, ताक अशी आंबट पेये मात्र या बाटल्यांत ठेवू नयेत. जुन्या घरांत कल्हईची शिस्त होती. भांडे परत आणणाऱ्यांनी ती शिस्तही आणावी.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. घासून स्वच्छ केलेला पितळेचा तुकडा व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा. ते द्रव परीक्षानळीत घेऊन त्यात अमोनियाचे द्रावण थोडे थोडे, पुरेसे मिसळेपर्यंत घाला. अमोनिया हुंगू नका आणि खिडक्या उघड्या ठेवा. निळा रंग आला तर तांबे विरघळले आहे. मग विद्यार्थ्यांना विचारा : या रंगाने काय सिद्ध झाले आणि काय नाही? भांड्यातून तांबे सुटते, एवढेच सिद्ध झाले. त्यापासून आजारी मुलापर्यंत पोचायला वर सांगितलेले सगळे टप्पे लागतात. ते टप्पे विद्यार्थ्यांनी स्वतः क्रमाने लिहून काढावेत आणि प्रत्येकापुढे आपली शंका नोंदवावी.